इंडी म्हणजे काय रे भाऊ?

चार संगीतवेडे जमले की एक वाद ठरलेला. अमुक बँड 'खरा' इंडी की नाही? एक म्हणतो, गिटार कशी वाजते ते ऐक. दुसरा म्हणतो, मोठ्या कंपनीशी करार केला तिथेच विषय संपला. अल्बम विकत कोणी घेतला आणि कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे इंडीचा इतिहास नेमका तिथेच आहे.

मँचेस्टर, डिसेंबर १९७६. बझकॉक्स या बँडच्या पोरांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पाउंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' स्वतःच बाजारात आणली. प्रती फक्त १०००. कुठलं गाणं कितव्या टेकचं, त्यावर किती ओव्हरडब, हे सगळं कव्हरवर छापलेलं. म्हणजे मालाबरोबर सोर्स कोडसुद्धा :) पुढे खप १६,००० वर गेला. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर पहिल्या सिंगलच्या कव्हरवर खर्चाचा हिशेबच छापला. वाचणाऱ्याला वाटलं, अरेच्चा, हे तर आपल्यालाही जमेल!

रेकॉर्ड काढणं जमलं हो, पण ती गावोगावच्या दुकानांत पोचवायची कशी? वितरण तर मोठ्या कंपन्यांच्या हातात. इथे आलं रफ ट्रेड. जेफ ट्रॅव्हिसने १९७६ मध्ये लंडनमध्ये उघडलेलं साधं रेकॉर्डचं दुकान. तिथून पोस्टाने रेकॉर्डी जाऊ लागल्या, मग इतर दुकानांना घाऊक माल, आणि १९७८ मध्ये स्वतःचं लेबल. त्या लेबलचा पहिला अल्बम, स्टिफ लिटल फिंगर्सचा, १९७९ मध्ये ब्रिटनच्या मुख्य चार्टवर १४ व्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टलच्या मंडळींना धरून 'द कार्टेल' नावाचं वितरणाचं जाळंच उभं राहिलं.

जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडी चार्ट सुरू झाला. त्यात शिरायची अट आवाजाची नव्हतीच. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून विकली गेली पाहिजे, बस्स. म्हणून तर १९८८ मध्ये काइली मिनोगची चकचकीत पॉप गाणीही त्या यादीत झळकली!

१९९१ मध्ये रफ ट्रेडचं वितरण बुडालं. कितीतरी छोट्या लेबलांचे पैसे अडकले. दुकान मात्र १९८२ मध्येच तिथल्या कर्मचाऱ्यांनी विकत घेऊन वेगळं केलं होतं. ते तरलं, आजही चालू आहे. का? कारण तिथे दर आठवड्याला येऊन पैसे मोजणारी माणसं होती.

आज वितरणाचा प्रश्न सुटलाय, कोणीही घरबसल्या गाणं जगभर पोचवू शकतो. अडलंय ते पैशांपाशी. स्ट्रीमिंगवर एका ऐकण्यामागे कलाकाराला मिळतात जेमतेम काही पैसे. म्हणूनच २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पने २० मार्च २०२० ला, कार्यक्रम बंद पडलेले असताना, आपला वाटा एक दिवस सोडला तेव्हा चाहत्यांनी तिथे धडाधड अल्बम विकत घेतले.

असो. तात्पर्य काय, तर इंडी हे बँडचं विशेषण कमी आणि गिऱ्हाइकाचं जास्त. तेव्हा पुढच्या वेळी वाद घालायच्या आधी एकच सांगा.. शेवटचा अल्बम पैसे देऊन कधी घेतलात?