इंटरप्ट : वाहनातील संगणकाला येणारी निकडीची हाक

सप्टेंबर २०२१ मध्ये चिपच्या जागतिक टंचाईमुळे महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने आपल्या मोटार विभागाच्या कारखान्यांत त्या महिन्यात सुमारे सात दिवस उत्पादन होणार नसल्याचे जाहीर केले. या कंपनीचा एक मोठा कारखाना चाकणला आहे. अशा वेळी सहज सुचणारा उपाय म्हणजे उपलब्ध असेल ती दुसरी चिप वापरणे. टेस्ला कंपनीने त्याच वर्षी या टंचाईपोटी नियंत्रकांच्या १९ नव्या आवृत्त्यांवर काम केल्याचे सांगितले होते. परंतु चिप बदलणे हे घरातील दिवा बदलण्याइतके सोपे नसते. जुन्या चिपवर चालणाऱ्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, नव्या चिपवर न्यावा लागतो. या कामास ‘पोर्टिंग’ म्हणतात. कर्नेलचा बराचसा भाग सी भाषेत लिहिलेला असल्याने तो फारसा न बदलता नव्या जागी चालतो. जो थोडा भाग नव्याने लिहावा लागतो, त्यात इंटरप्टची हाताळणी सर्वांत नाजूक असते.

इंटरप्ट म्हणजे हातातील काम थांबवून आधी आपल्याकडे पाहावे, अशी एखाद्या उपकरणाने प्रोसेसरला केलेली सूचना. पोळी तव्यावर असताना दारावरची घंटा वाजली, की गृहिणी गॅस बारीक करते, दार उघडते आणि परत येऊन तीच पोळी उलटते. प्रोसेसरही हेच करतो. फक्त त्याच्या दारावरची घंटा सेकंदाला हजारो वेळा वाजते. मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्टवर बहुधा ६० दातांचे चक्र असते. त्यातील दोन दात स्थान ओळखता यावे म्हणून मुद्दाम गाळलेले असतात. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर दर १६७ मायक्रोसेकंदांच्या सुमारास एक दात सेन्सरसमोरून जातो. ठिणगी केव्हा पाडावी व इंधन केव्हा सोडावे, याचा हिशेब या खुणांवरच चालतो. पूर्वी हा प्रश्न मुख्यतः मोटारींपुरता होता. दुचाकींनाही एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकांमुळे बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी इंधन-इंजेक्शन आले. त्यामुळे आकुर्डी-चाकणच्या दुचाकी उद्योगालाही तो लागू झाला.

इंटरप्ट आला, की कोणता कार्यक्रम चालवायचा याचे पत्ते एका कोष्टकात लिहिलेले असतात. त्याला व्हेक्टर टेबल म्हणतात. ते कोठे ठेवायचे, हे प्रत्येक चिपघराण्यात वेगळे. चालू कामाची रजिस्टरे जपून ठेवण्याची रीतही वेगळी. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम३ व एम४ या चिप आठ रजिस्टरे आपोआप स्टॅकवर ठेवतात आणि अनुकूल स्थितीत क्लॉकच्या १२ ठोक्यांत नवे काम हाती घेतात. इतर अनेक चिपांवर हे काम कर्नेलकाराने स्वतः असेम्ब्ली भाषेत करावे लागते.

खरी गोम येथेच आहे. समजा, दशांश गणिताची रजिस्टरे जपण्यास पोर्ट करणारा विसरला. इंधनाचे गणित अर्ध्यावर असताना इंटरप्ट आला आणि त्यानेही दशांश गणित केले, तर मूळ उत्तर बिघडते. हे दोन क्षण क्वचितच जुळत असल्याने टेबलावरील चाचणीत गाडी उत्तम चालते आणि बिघाड रस्त्यावर प्रकटतो.

अग्रक्रमाचा घोळ तर प्रसिद्धच आहे. कॉर्टेक्स-एम चिपमध्ये इंटरप्टचा क्रमांक जितका लहान, तितकी त्याची निकड मोठी. फ्रीआरटीओएस या लोकप्रिय कर्नेलमध्ये मात्र कामाचा आकडा जितका मोठा, तितका त्याचा मान अधिक. दोन्ही रीती एकाच प्रकल्पात नांदत असल्याने अनुभवी अभियंतेही येथे ठेचकाळतात. उपकरणाची विनंती पुसायची राहिली, तर तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येतो आणि प्रोसेसर दारातच अडकून पडतो.

जर्मन मोटार उद्योगाने १९९३ मध्ये सुरू केलेल्या ओसेक मानकाने यावर एक शहाणी तोड काढली. पहिल्या वर्गातील इंटरप्ट कर्नेलला वळसा घालून थेट चालतात. त्यांनी कर्नेलची कोणतीही सेवा मागायची नाही. दुसऱ्या वर्गातील इंटरप्टना ती मुभा असते, पण त्यांना थोडा अधिक वेळ लागतो. २००३ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोसारनेही ही विभागणी कायम ठेवली.

पोर्ट केलेला कर्नेल तपासताना डीबगर फारसा उपयोगी पडत नाही. कारण तो प्रोसेसर थांबवतो, इंजिन मात्र थांबत नाही. त्यामुळे इंटरप्टच्या कार्यक्रमात शिरताना चिपची एक मोकळी पिन चालू करायची, बाहेर पडताना बंद करायची आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्या दोन कडांमधील अंतर मोजायचे, ही जुनी युक्ती अजूनही वापरली जाते. इंजिन पूर्ण वेगात असताना तासन्‌तास घेतलेल्या अशा नोंदींमधील सरासरी वेळेकडे कोणी फारसे पाहत नाही. पाहिला जातो तो एकदाच दिसलेला सर्वांत लांब विलंब.