नास हा तालुका की जिल्हा?

गेल्या उन्हाळ्यात माझे आईवडील दोन महिन्यांसाठी नासला आले होते. वडिलांची सारी नोकरी सातारा जिल्हा परिषदेत गेली. त्यामुळे कुठलेही गाव समजून घ्यायचे तर त्यांना आधी तालुका लागतो आणि मग जिल्हा. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कालव्याच्या काठाने फिरताना त्यांनी विचारले, "अरे, हे तुमचं नास तालुका की जिल्हा?"

दहा वर्षे या गावात राहूनही मला धड उत्तर देता येईना. "काउंटी किल्डेअर, प्रांत लेन्स्टर," एवढे सांगून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून जाईना. म्हणून थोडे वाचन केले. त्यातून हाती लागले ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो. कारण यातली एक बाब आपल्या सर्वांच्या घराशी संबंधित आहे.

सुरुवात प्रांतापासून करू. आयर्लंडचे प्रांत चार: लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर. पण प्रांताला आयरिश भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'पाचवा हिस्सा'! पाचवा प्रांत म्हणजे मीथ. तो पुढे लेन्स्टरमध्ये जिरून गेला आणि शब्द तेवढा मागे राहिला. हे वाचून मला गोव्याची आठवण झाली. तिसवाडी म्हणजे तीस वस्त्या आणि सासष्टी म्हणजे सहासष्ट. आज त्या कोणी मोजत नाही, पण आकडा नावात टिकून आहे. आपल्या नासचे आयरिश नावही असेच जुने आहे. त्याचा अर्थ 'राजांची जमण्याची जागा'. लेन्स्टरच्या राजांची बैठक एकेकाळी इथे होती.

आज या प्रांतांना ना कचेरी, ना अंदाजपत्रक. ते जिवंत आहेत ते मुख्यतः खेळाच्या मैदानावर. रग्बीचे संघ प्रांतांचे असतात. आपल्याकडेही रणजी करंडकात महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. विदर्भाने २०१७-१८ साली करंडक जिंकला तेव्हा नागपुरात जो आनंद झाला, तो कोणत्या शासकीय विभागाचा नव्हता.

काउंटीची कथा वेगळी आहे. ती आखली परक्या सत्तेने. महसूल गोळा करायचा, न्यायनिवाडा करायचा आणि वचक ठेवायचा, यासाठी इंग्रज राजवटीने बेट तुकड्यातुकड्याने वाटले. किल्डेअर १२९७ मध्ये डब्लिनपासून वेगळी झाली. आपल्या शेजारची डोंगराळ विकलो सर्वांत शेवटी, १६०६ मध्ये. आपल्याकडच्या 'कलेक्टर' या शब्दातही वसुलीच आहे. पुढे १८९८ च्या कायद्याने कारभार जमीनदारांच्या मंडळांकडून निघून निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांकडे आला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या.

गंमत अशी, की ज्या रेषा परक्यांनी ओढल्या, त्याच लोकांनी आपल्या मानल्या. गेलिक खेळांच्या संघटनेने १८८४ नंतर काउंटीवार सामने सुरू केले आणि काउंटी हा अभिमानाचा विषय झाला. सॅम मॅग्वायर चषक पहिल्यांदा उंचावला तो १९२८ मध्ये पांढऱ्या जर्सीतल्या किल्डेअरने. १९९४ मध्ये डब्लिन काउंटी कौन्सिल मोडून तिच्या जागी तीन नव्या कौन्सिली केल्या, पण मैदानावर डब्लिन एकच राहिले. मोटारीच्या पाटीवर 'केई' दिसले की ती किल्डेअरची. हे सांगितल्यावर वडील लगेच म्हणाले, "म्हणजे आपलं एमएच-११."

सगळ्याच रेषा इतक्या सहज अंगवळणी पडत नाहीत. अल्स्टरच्या नऊ काउंट्यांपैकी सहा १९२१ च्या फाळणीत ब्रिटनकडे राहिल्या. डोनेगल, कॅव्हन आणि मोनहन या तीन इकडे आल्या. बेळगाव, निपाणी, कारवार, भालकी ही नावे १९५६ पासून ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणखी एक योगायोग पाहा. फाळणीनंतर इकडे सव्वीस काउंट्या उरल्या, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तोही सव्वीस जिल्ह्यांचा!

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. नासला पूर्वी स्वतःची निवडून आलेली नगरपरिषद होती. १ जून २०१४ रोजी देशातल्या अशा ऐंशी नगरपरिषदा एकदम बंद झाल्या. स्थानिक संस्था ११४ वरून ३१ वर आल्या आणि सदस्य १,६२७ वरून ९४९ वर. कारण दिले गेले काटकसरीचे आणि कार्यक्षमतेचे. तेव्हापासून नास हा किल्डेअर काउंटीतला एक 'म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट' आहे आणि त्याचे काम पाहतात ते काउंटी कौन्सिलचेच या भागातले सदस्य. म्हणजे सव्वीस हजारांहून अधिक वस्तीचे हे गाव जिल्ह्याचे ठिकाण आहे, पण त्याला स्वतःची नगरपालिका नाही.

नेमक्या त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा होऊन महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. इकडे घट, तिकडे वाढ. आफ्रिकेतल्या अंगोलाने तर २०२५ पासून अठराचे एकवीस प्रांत केले आणि नगरपालिका १६४ वरून ३२६ वर नेल्या. पण तिथे प्रांताचा गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमतात. तेव्हा तुकडे किती केले यापेक्षा त्या तुकड्याचा कारभारी कोण निवडतो, हे पाहिले पाहिजे. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच होता. नकाशावर हद्द तीच होती, पण नगरसेवक नव्हता.

आणि आता ती घराशी संबंधित बाब. आयर्लंडमध्ये संसदेच्या निवडणुकीत आपल्यापैकी मत देता येते ते फक्त आयरिश नागरिकत्व घेतलेल्यांना. स्थानिक निवडणुकीला मात्र ही अट नाही. वय अठरा पूर्ण, वास्तव्य इथे आणि मतदारयादीत नाव, एवढे पुरते. पासपोर्ट भारताचा असला तरी चालतो. जून २०२४ मध्ये अशी निवडणूक झाली. मला हा अधिकार होता, हे मला निवडणूक होऊन गेल्यावर कळले. खांबांवर लावलेले उमेदवारांचे फलक मी रोज पाहत होतो, आणि हे आपल्यासाठी नाही असे धरून चाललो होतो. पदपथ, वाचनालय, मुलांचे मैदान, नव्या घरांची परवानगी हे सगळे त्याच कौन्सिलकडे जाते. तक्रारी मात्र आम्ही दिवाळीच्या फराळाभोवती बसून करतो.

संध्याकाळी वडिलांना हे सारे सांगितले. नगरपरिषद बंद झाली म्हटल्यावर ते हळहळले. मताचे ऐकून मात्र चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले. "दहा वर्षं राहतोस, घर घेतलंस, आणि यादीत नाव नाही? आमच्या वेळी जिल्हा परिषदेच्या मतदानाला माणसं बैलगाडीतून यायची रे."

दुसऱ्या दिवशी मी आणि सौ.ने नावनोंदणीचे अर्ज भरले. दहा मिनिटांचे काम होते. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये आहे. वाचकहो, आपल्या घरात अठरा वर्षांवरची किती माणसे आहेत आणि त्यांतली किती यादीत आहेत, हे आजच्या रात्री जेवताना एकदा विचारून पाहा.