माडी आणि तळघर : दोन इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिकांतील स्त्री व वर्ग

गतकालीन जीवनाचे चित्रण करणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिकांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पहावे, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. ग्रंथ वाचून इतिहास जाणणारे सर्वत्र थोडे असतात. पडद्यावरील वाडे, वेष आणि संवाद यांवरून भूतकाळाची कल्पना बनविणारे पुष्कळ असतात. अशा मालिकांची परीक्षा बहुधा तपशिलांच्या अचूकपणावरून केली जाते. टोपी त्या काळची आहे काय, एखादा शब्द तेव्हा रूढ होता काय, मेजावरील काटे-चमचे योग्य क्रमाने मांडले आहेत काय, असे प्रश्न विचारले जातात. ही परीक्षा आवश्यक आहे. पण पुरेशी नाही. सारे तपशील बिनचूक असूनही समाजरचनेचे चित्र सदोष असू शकते. हा दोष कसा उत्पन्न होतो हे पाहण्यास इंग्लंडमधील दोन गाजलेल्या मालिका विशेष उपयोगी आहेत. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ (१९७१–७५) ही पहिली आणि ‘डाउन्टन ॲबी’ (२०१०–१५) ही दुसरी.

दोहोंचा आराखडा एकच आहे. एक मोठे घर, त्याच्या माडीवर मालकांचे कुटुंब आणि तळघरात त्यांचे नोकरचाकर. पहिल्या मालिकेतील घर लंडनच्या बेलग्रेव्हिया भागात, ‘१६५, ईटन प्लेस’ या पत्त्यावर कल्पिलेले आहे. तिचे अडुसष्ट भाग १९०३ ते १९३० या कालखंडातून प्रवास करतात. दुसरीतील घर यॉर्कशरमधील एका अर्लचा प्रासाद आहे. तिची कथा एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्याच्या वार्तेने सुरू होते आणि १९२५ च्या अखेरीस संपते. पहिलीची मूळ कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची. दोघींच्याही घरी मागील पिढीने श्रीमंतांच्या घरांत चाकरी केलेली होती, आणि त्यांच्या मूळ योजनेत प्राधान्य तळघरालाच होते. दुसरीचे लेखक जूलियन फेलोज हे उच्चभ्रू समाजाशी निकटचा परिचय असलेले गृहस्थ असून २०११ मध्ये ते लॉर्ड्स सभेचे सभासद झाले. हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. परंतु केवळ त्यावरून निर्णय करता येणार नाही.

प्रथम इतिहासाची बाजू पाहू गेल्यास, १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा लाख स्त्रिया घरकामाच्या चाकरीत होत्या. स्त्रियांच्या कोणत्याही दुसऱ्या एका व्यवसायात इतक्या स्त्रिया नव्हत्या. यांपैकी बहुसंख्य स्त्रिया प्रासादांत नव्हे, तर मध्यमवर्गीयांच्या साध्या घरांत, एकट्या किंवा एखाद्या जोडीदारणीसह राबत असत. पहाटे चुली व शेगड्या पेटविण्यापासून रात्री भांडी घासण्यापर्यंतची सारी कामे अशा मोलकरणीच्या अंगावर पडत. तिला बटलरची शिस्त नव्हती, तशीच नोकरांच्या मेजावरील सोबतही नव्हती. घर सोडताना मालकीण देईल तो वर्तणुकीचा दाखला हेच तिचे भांडवल. तो नाकारला गेला तर पुढील घराचे दार बंद होई.

दोन्ही मालिकांनी पडद्यावर आणलेले मोठे घर, म्हणजे बटलर, हाउसकीपर, फुटमन आणि दासी यांची सुव्यवस्थित उतरंड, हा चाकरीचा अपवादात्मक प्रकार होय. नाटकाला पात्रांचा मेळा लागतो. एकाकी मोलकरणीवर मालिका उभी करणे अवघड. म्हणून या निवडीबद्दल लेखकांना दोष देणे रास्त नाही. तथापि तिचा एक परिणाम होतो. माडीवर एक कुटुंब आणि तळघरात दुसरे कुटुंब असा समतोल निर्माण होतो. वर सुखदुःखे, खालीही सुखदुःखे. वर मानापमान, खालीही मानापमान. दोन्ही मजले एकमेकांचे प्रतिबिंब वाटू लागतात आणि एक मजला दुसऱ्याच्या श्रमावर उभा आहे ही गोष्ट मागे पडते.

स्त्रीपुरुषभेदाच्या चित्रणात हा परिणाम विशेष स्पष्ट होतो. स्त्रीच्या हक्कांचा प्रश्न बहुधा माडीवर उपस्थित होतो. दर्जाचा आणि निष्ठेचा प्रश्न तळघरात. ज्या स्त्रीच्या ठायी हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात ती घरात राहून चाकरी करणारी मोलकरीण. तिच्या वाट्याला मात्र हक्काची कथा न येता नशिबाची कथा येते.

या नियमास पहिल्या मालिकेत एक महत्त्वाचा अपवाद आढळतो. घरची कन्या एलिझाबेथ मताधिकारवादी स्त्रियांच्या चळवळीत सामील होते. एका राजकारणी पुरुषाच्या घरावर त्या चालून जातात तेव्हा तिला आवरण्यासाठी गेलेली दासी रोझ हीही पकडली जाते. पुढे एलिझाबेथ एका धनिकाच्या मध्यस्थीने सुटते. जिचा चळवळीशी संबंध नाही ती रोझ तुरुंगात जाते. येथे स्त्री म्हणून दोघींवर समान अन्याय असला तरी कायद्याचा हात दोघींवर समान पडत नाही, हे सत्य घटनेतूनच प्रकट होते.

ही घटना कल्पित असली तरी तिला इतिहासाचा भक्कम आधार आहे. लेडी कॉन्स्टन्स लिटन ही १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा करणारे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची कन्या. तिच्या पित्याचे नाव महाराष्ट्रातील वाचकास दुष्काळ आणि मुद्रणनिर्बंध यांमुळे परिचित आहे. कन्येने वेगळा मार्ग धरला. मताधिकाराच्या चळवळीत ऑक्टोबर १९०९ मध्ये न्यूकॅसल येथे तिला कैद झाली. तिने अन्नत्याग केला. तेव्हा डॉक्टरांनी तिचे हृदय तपासून ते दुर्बल असल्याचे सांगितले आणि तिला सोडून देण्यात आले. ही दया आपल्या हृदयाला दाखविली गेली की आपल्या कुळाला, अशी शंका तिला आली. जानेवारी १९१० मध्ये जेन वॉर्टन नावाच्या गरीब शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे सोंग घेऊन तिने लिव्हरपूल येथे स्वतःस पकडवून घेतले. या वेळी हृदय न तपासताच तिला नळीने बळजबरीने अन्न घालण्यात आले, आणि ते आठ वेळा. खरी ओळख पटल्यावर तिची सुटका झाली. १९१२ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. १९२३ मध्ये तिचा अंत झाला. हृदय तेच होते. बदलले होते ते फक्त नाव आणि कपडे. वर्ग आणि स्त्रीत्व यांचा संबंध उलगडणारा याहून नेमका पुरावा त्या काळात क्वचितच सापडेल.

‘डाउन्टन ॲबी’मध्ये स्त्रीवरील अन्यायाचे मुख्य सूत्र वारसाहक्काचे आहे. अर्लला तीन मुली, पुत्र नाही. मालमत्ता व पदवी पुरुष वारसाकडेच जावी असा निर्बंध असल्यामुळे मँचेस्टरचा एक वकील, दूरचा नातेवाईक मॅथ्यू, वारस ठरतो. ज्येष्ठ कन्या मेरी हिच्यावरील हा अन्याय प्रेक्षकाच्या मनास भिडतो, आणि तो खरा अन्यायही आहे. पण वर्गाचा प्रश्न येताच कथेचा सूर पालटतो. मॅथ्यूला खिजमतगाराकडून कपडे चढवून घेणे हास्यास्पद वाटते. तेव्हा एका माणसाची उपजीविका आणि तिचा अभिमान हिरावून घेणे योग्य काय, असा प्रश्न अर्ल त्याला करतो. मॅथ्यू वरमतो व खिजमतगाराची सेवा स्वीकारतो. चाकरी घेणे हे धन्याचे कर्तव्य, किंबहुना उपकार ठरतो. घरची स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर हिची दृष्टी अधू होते तेव्हा अर्ल तिला उपचारासाठी लंडनला पाठवितो.

असे सहृदय मालक नव्हतेच असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच काळात नोकरांचे साहाय्य धन्याच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बांधून देण्याचा यत्न चालू होता. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने घरगुती नोकरांना आजारपणाच्या विम्यात समाविष्ट केले आणि जुलै १९१२ पासून, म्हणजे मालिकेच्या आरंभीच्या प्रसंगानंतर तिसऱ्याच महिन्यात, त्याची अंमलबजावणी सुरू झाली. दर आठवड्यास तिकिटे चिकटविण्याच्या या सक्तीविरुद्ध लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये मालकिणींनी मोलकरणींसह मोठी सभा भरविली होती. दुसरीकडे कॅथलिन ऑलिव्हर या स्वतः चाकरी केलेल्या स्त्रीच्या पुढाकाराने घरकामगारांची एक संघटनाही याच सुमारास उभी राहिली होती. नोकरवर्गात विम्याविषयी मतभेद होते, संघटना दुर्बल होती. तरीही हक्काची भाषा तळघरापर्यंत पोहोचलेली होती. मालिकेत ही भाषा मुख्यतः आयरिश शोफर ब्रॅन्सन बोलतो; आणि त्याची परिणती अर्लचा जावई व इस्टेटीचा कारभारी होण्यात होते.

सर्वांत बोलके उदाहरण दोन अविवाहित मातांचे आहे. एथेल ही दासी युद्धकाळात एका लष्करी अधिकाऱ्यापासून गर्भवती राहते. तिची नोकरी जाते, पोटासाठी तिला देहविक्रय करावा लागतो, आणि शेवटी मूल पित्याच्या आईबापांच्या स्वाधीन करावे लागते. अर्लची मधली कन्या एडिथ हीही विवाहावाचून माता होते. तिलाही दुःख व लपवाछपवी चुकत नाही. परंतु मूल प्रथम इस्टेटीवरील शेतकऱ्याच्या घरी ठेवता येते, नंतर प्रासादातच आणता येते आणि अखेर एडिथ मार्क्विसची पत्नी होते. दोन्ही कथा स्वतंत्रपणे विश्वसनीय आहेत. १८७२ च्या कायद्यान्वये अशा मातेला पित्याकडून आठवड्यास फार तर पाच शिलिंग मिळू शकत, तेही तिच्या साक्षीस अन्य पुरावा असल्यास. १९१८ मध्ये ही मर्यादा वाढविण्यात आली. कायदेशीर दत्तकाची सोय इंग्लंडात १९२६ पर्यंत नव्हती. म्हणून मूल जवळ ठेवणे हे मातेच्या वात्सल्यापेक्षा तिच्या हाताशी असलेल्या घरांवर आणि पैशावर अवलंबून होते. मालिकेने ही सामग्री जमविली. पण दोन कथा समोरासमोर आणून त्यांतील कारण दाखविले नाही. एथेलची कथा संपते आणि एडिथची सुरू होते; प्रेक्षक दोघींसाठी निरनिराळे अश्रू ढाळतो.

मताधिकाराबाबतही हेच. १९१८ च्या कायद्याने सुमारे चौऱ्याऐंशी लाख स्त्रियांना मत मिळाले. वयाची तीस वर्षे पुरी झालेली आणि स्वतःच्या किंवा पतीच्या नावे घर अथवा ठराविक मूल्याची जागा असलेली स्त्री, ही मुख्य अट होती. एकवीस वर्षांवरील पुरुषास मात्र केवळ रहिवास पुरे होता. परिणामी मालकाच्या घरी राहणारा फुटमन मतदार झाला. त्याच छपराखाली वीस वर्षे राबलेली हाउसकीपर सामान्यतः झाली नाही, कारण घर तिच्या नावे नव्हते. १९२८ पर्यंत ही स्थिती टिकली. मालिकेत आपण तीस वर्षांच्या नाही व घरधनीणही नाही म्हणून मत नाही, अशी तक्रार एडिथ करते. तक्रार यथार्थ आहे. पण एडिथच्या बाबतीत वय वाढताच आणि घर मिळताच ही उणीव भरून निघण्याजोगी होती. तळघरातील स्त्रीच्या बाबतीत अडथळा तिच्या व्यवसायातच होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की, मालिका हा प्रबंध नव्हे आणि तिच्याकडून कायद्याच्या विवेचनाची अपेक्षा करू नये. आक्षेप अंशतः मान्य करावयास हवा. शेगडीतील राख काढणारे हात, वर्तमानपत्रास केलेली इस्त्री, घंटांची रांग या गोष्टी दाखवून या मालिकांनी श्रम दृश्य केला, आणि पुष्कळ प्रेक्षकांस आपल्या आजी-पणजीच्या आयुष्याविषयी प्रथमच कुतूहल वाटले, ही सेवा लहान नाही. शिवाय रोझच्या तुरुंगवासाचा प्रसंग हेच दाखवितो की, नाट्याला बाध न आणता हा संबंध प्रकट करता येतो. उणीव माध्यमाची नसून दृष्टीची आहे.

ही दृष्टी निर्मितीच्या काळाशीही निगडित असते. समान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९७० साली संमत झाला आणि मार्च १९७१ मध्ये स्त्रीमुक्तीचा मोठा मोर्चा लंडनच्या रस्त्यांवरून निघाला. त्याच वर्षी पहिली मालिका सुरू झाली. दुसरीच्या काळात चर्चेत होता तो कुलीन स्त्रियांचा वारसाहक्क. २०१३ मध्ये राजगादीच्या वारसाक्रमातील पुत्राचे प्राधान्य कायद्याने रद्द झाले; उमरावांच्या पदव्यांना तो नियम लागू झाला नाही. फेलोज यांच्या पत्नी किचनर घराण्यातील असून, २०११ मध्ये तिसरे अर्ल किचनर निवर्तल्यावर स्त्रीस वारसा नसल्यामुळे ती पदवी लुप्त झाली. मेरीच्या दुःखाला मालिकेत एवढे स्थान का मिळाले, हे समजण्यास एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

अशा मालिकांचा अभ्यास करताना, म्हणून, प्रश्नांचा क्रम बदलावयास हवा. वेष व भाषा बरोबर आहेत काय, हा प्रश्न शेवटी यावा. कोणत्या अन्यायाला कायद्याचे नाव दिले आहे आणि कोणत्या अन्यायाला दैवाचे, हा प्रश्न प्रथम यावा. मेरीचे दुःख वारसाच्या निर्बंधातून उद्भवते हे मालिका स्पष्ट सांगते. एथेलचे दुःखही तितक्याच निश्चित कायद्यांतून आणि तितक्याच मोजता येणाऱ्या शिलिंगांतून उद्भवलेले होते. ते सांगण्याचे काम अद्याप इतिहासाकडेच आहे.