तापी नदीवरील उन्हाळी मासेमारी (खानदेश)

जळगाव व धुळे जिल्ह्यांत तापी आणि तिच्या उपनद्यांमध्ये साधारणतः फाल्गुन ते ज्येष्ठ या महिन्यांत होणाऱ्या गोड्या पाण्यातील मासेमारीस उन्हाळी मासेमारी म्हणतात. या काळात प्रवाह मंदावून पाणी डोहांत उरते व मासेही तेथेच एकवटतात. त्यामुळे मासा सहज हाती लागतो. परंतु पावसाळ्यात वीण करणारे प्रौढ मासेही याच डोहांत तग धरून असतात.

नदीची स्थिती

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी ७२४ किमी वाहत जाऊन खंबातच्या आखातास मिळते. खानदेशात तिचे पात्र खोल व काठ उंच आहेत. पूर्णा नदी चांगदेव येथे, तर पांझरा मुडावद येथे तापीस मिळते. भुसावळजवळील हतनूर धरण आणि धुळे जिल्ह्यातील सुलवाडे बॅरेज यांच्या फुगवट्यात उन्हाळ्यातही पाणी टिकते. गिरणेची स्थिती निराळी आहे. तिचे पात्र ठिकठिकाणी कोरडे पडते आणि गिरणा धरणातून आवर्तन सुटले, की तुटलेले डोह काही दिवस पुन्हा जोडले जातात. साचलेल्या पाण्यात नवे पाणी शिरते त्या तोंडाशी मासे जमतात, हे नदीकाठच्या लोकांस चांगले ठाऊक असते.

पाण्याचे तापमान व माशांचे वर्तन

पाणी जितके उष्ण तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्याही तो वापरतात. म्हणून हिरवट, साचलेल्या डोहात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि आमिषाकडे फारसे फिरकत नाहीत. ‘मासेमारी पहाटेचीच’ हा समज अशा डोहास लागू पडत नाही. तेथे सूर्य थोडा वर आल्यानंतरची वेळ बरी. वाहत्या पाण्यात मात्र पहाट व सांज या दोन्ही वेळा अनुकूल असतात. भर दुपारी मासे खोल पाण्यात किंवा काठावरच्या झाडांच्या सावलीत राहतात.

मरळ हा मासा यास अपवाद आहे. हवेतून श्वास घेता येत असल्याने उथळ, गढूळ पाण्यातही तो तगतो. श्वासासाठी तो अधूनमधून वर येतो आणि त्या हालचालीवरून त्याचा माग लागतो.

मासे व साधने

रोहू, कटला व मृगळ हे जलाशयांत सोडले जाणारे प्रमुख मासे होत. नदीत त्यांशिवाय मरळ, वाम, शिवडा, शिंगाडा इत्यादी मासे आढळतात. रोहू व मृगळ यांसाठी गळाला कणकेची गोळी लावतात. वाम तळाशी राहत असल्याने तिच्यासाठी गांडूळ लावून गळ तळापर्यंत सोडतात. मरळ भक्षक असल्याने तिला लहान मासा किंवा बेडूक लागतो. उथळ पाण्यात फेकजाळे, तर धरणाच्या फुगवट्यात तरती जाळी वापरतात. भोई व कोळी समाजांतील अनेक कुटुंबांचा हा पारंपरिक व्यवसाय आहे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूत टरबूज व डांगराच्या वाड्या लावण्याचीही रीत आहे.

धोके

रोहू, कटला व मृगळ पावसाळ्यातील पुराच्या पाण्यात अंडी घालतात. मे महिन्यात डोहातून काढलेली मोठी मादी बहुधा अंड्यांनी भरलेली असते. बारीक आसाच्या जाळ्याने संपूर्ण डोह ओढला, तर पिल्लेही जातात. सुरुंगाची दारू किंवा विष यांनी मासे मारणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. तुटलेल्या डोहात विषारी पाणी वाहून जाण्यास वाटच नसते. तेच पाणी गुरे पितात. नदीपात्रातील वाळूउपशाचाही मासेमारीवर परिणाम होतो, कारण त्यामुळे डोहांचा तळ व कडा मोडतात. डोहाचा एक भाग जाळ्याविना राखून ठेवला, तर जूनमध्ये नदी वाहू लागल्यावर तेथील मासे वर-खाली पसरू शकतात.