थांब्याची चव : लोणावळ्याच्या बाजारातून एक इतिहासफेरी

रोम शहराच्या दक्षिण भागात तेस्ताच्चो नावाची एक जुनी कामगारवस्ती आहे. १८८८ ते १८९१ या काळात तेथे शहराचा मोठा कत्तलखाना बांधला गेला. जनावराचे चार उत्तम भाग ऐपतदार गिऱ्हाइकांकडे जात. शेपूट, आतडी, जीभ, काळीज असे जे उरे, ते तेथील कामगारांच्या मजुरीत धरले जाई. या उरलेल्याला रोमन लोक ‘पाचवा भाग’ म्हणत. त्यातून कामगारांच्या बायकांनी आणि खानावळवाल्यांनी जे पदार्थ रांधले, ते आज रोमच्या पाककलेचा मानबिंदू मानले जातात. कत्तलखाना १९७५ साली बंद पडला. आता त्या गल्ल्यांतून वाटाड्यांसह खाद्यफेऱ्या निघतात. दारोदारी थांबून एकेक घास चाखायचा आणि त्या घासामागची गोष्ट ऐकायची, असा तो प्रकार. तेस्ताच्चोचा विशेष असा की तेथे मजुरांना वगळून पदार्थाची गोष्ट सांगताच येत नाही.

अशी एखादी फेरी लोणावळ्याच्या बाजारातून काढायची झाली, तर तिने कोणती गोष्ट सांगावी? प्रश्न वाटतो तितका हलका नाही. रस्त्यावरच्या खाण्याचा इतिहास बहुधा दुकानांच्या पाट्यांवरून लिहिला जातो. पाटीवर स्थापनेचे साल असते, संस्थापकाचे नाव असते, त्यामुळे लिहिणाऱ्याची सोय होते. परंतु ज्यांना पाटी नव्हती, त्यांचे काय करायचे, हा प्रश्न मागे उरतो. लोणावळ्यापुरता तो फार जवळचा आहे, कारण हे गाव मुळात थांब्याचे आहे आणि तो थांबा कोणीतरी कष्टाने घडवला आहे.

बोरघाटाची चढण हे या थांब्याचे मूळ कारण. घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला दम खावाच लागतो. १८३० साली जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाड्या जातील असा रस्ता तयार झाला. पुढे लोहमार्ग आला, तोही तुकड्यातुकड्याने. मुंबईकडून तो १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचला; पुणे ते खंडाळा हा वरचा भाग जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मोकळाच होता. त्यामुळे सुमारे पाच वर्षे प्रवाशांना खोपोलीस उतरून पालखी, तट्टू किंवा गाडी करून खंडाळ्यास यावे लागे आणि तेथे पुन्हा आगगाडीत बसावे लागे. एप्रिल १८६३ मध्ये घाटातला मार्ग खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १८३१ फूट चढण, २५ बोगदे आणि ८ उंच कमानपूल, असा त्याचा हिशेब स्थापत्यशास्त्राच्या ग्रंथांतून अभिमानाने दिला जातो.

या हिशेबातली दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. कामाचा भर असताना घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. देशावरून, कोकणातून आणि दूरच्या मुलखांतून कुटुंबेच्या कुटुंबे आली होती. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. तिची चौकशी झाली आणि अशा तंट्यांच्या निवाड्यासाठी १८६० साली कायदाही झाला. त्याच सुमारास पटकीची साथ आली. पहिल्या कंत्राटदाराकडून काम काढून घेतल्यावर आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज काही दिवसांतच आजाराने मरण पावला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट पुढे चालवले. या दांपत्याची नावे इतिहासात नोंदली गेली, ते योग्यच झाले. पण त्याच साथीत दगावलेल्या मजुरांच्या नावांची यादी कोठे वाचावयास मिळत नाही.

येथे चिक्की येते. लोणावळ्यात सर्वत्र ऐकू येणारी कथा अशी : रेल्वेचे काम करणाऱ्या मजुरांसाठी गूळ, शेंगदाणे आणि तूप यांची ‘गुडदाणी’ विकली जाऊ लागली आणि तीच पुढे चिक्की झाली. ‘मगनलाल’ या प्रसिद्ध नावामागचे घराणे आपल्या व्यवसायाचा आरंभ १८८८ सालापासून सांगते. या कथेतील सनावळी नीट तपासली की एक विसंगती दिसते. घाटाचे काम १८६३ साली संपले. मग पंचवीस वर्षांनंतर सुरू झालेल्या दुकानाचे गिऱ्हाईक घाट खोदणारे मजूर कसे असतील? अर्थात रेल्वेचे काम मार्ग खुला झाल्याने संपत नाही. लोणावळ्यात इंजिनदुरुस्तीचा कारखाना होता. रूळ राखणाऱ्या टोळ्या, कोळसा भरणारे, सांधेवाले, हमाल हे सगळे तेथे वर्षानुवर्षे राहत होते. कथेतील मजूर हे बहुधा असे असावेत. सांगणाऱ्यांच्या तोंडी मात्र दोन पिढ्यांचे मजूर एकत्र झाले आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी कथा चुकीची ठरवून बाजूला सारू नये, असे मला वाटते. लोकस्मृती साले विसरते, पण संबंध लक्षात ठेवते. घाटातल्या मजुरांची आठवण चिक्कीच्या गोष्टीत टिकली, ही या कथेची खरी किंमत आहे. शिवाय पदार्थाची घडणही तेच सांगते. गूळ आणि शेंगदाणा यांनी पोट धरते, अंगात बळ येते. पदार्थ पावसाळी हवेतही झाकून ठेवला तर टिकतो. ताटवाटी लागत नाही, कामाच्या जागी उभ्याउभ्या खाता येतो. पाक पाण्यात टाकून कडक झाला की नाही ते पाहायचे, दाणे घालून गरम असतानाच तूप लावलेल्या पाटावर लाटायचे आणि गार होण्यापूर्वी सुरीने रेघा मारायच्या. या कृतीत फुरसतीचे काही नाही, सारी घाई आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मावळ हा भाताचा मुलूख. येथील धो धो पावसात ना ऊस फारसा पिकतो, ना भुईमूग. हे दोन्ही पूर्वेकडच्या कोरड्या देशाचे; त्यातही भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतून आलेला. म्हणजे लोणावळ्याची ओळख ठरलेल्या या पदार्थातले लोणावळ्याचे म्हणावे असे काय? थांबा, आणि त्या थांब्यावर राबणारी माणसे.

असेच इतर पदार्थांचेही आहे. घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जादा इंजिन लावावे लागते म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात, आणि त्या काही मिनिटांनी कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध केला. पावसाळ्यात ज्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर कांदाभजी आणि भाजलेले मक्याचे कणीस खाण्यास गर्दी लोटते, ते धरण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले होते. इंजिने गेली, पाणी राहिले आणि सहलीचे ठिकाण झाले. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने थांबा पुन्हा एकदा हलवला. अनेक मोटारी आता बाजारात न शिरता वाटेवरच्या उपाहारगृहांशी थांबतात.

थांब्याचा हा इतिहास रेल्वेहून कितीतरी जुना आहे. लोणावळ्याहून जवळच कार्ल्याचे लेणे आहे. तेथील शिलालेखांत त्याचे नाव वलूरक. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख तेथे आहे. पावसाच्या चार महिन्यांत थांबलेल्यांना अन्न कोण पुरवणार, हा प्रश्न तेव्हाही राजाज्ञेचा विषय झाला होता. दात्यांमध्ये धेनुकाकटाचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतारही आहे. तिकडे जुन्नरच्या लेण्यांत तर धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली आहे. श्रेणीचे नाव दगडावर राहिले. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढणाऱ्यांचे राहिले नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईस नोकरीसाठी डेक्कन क्वीनने जात; म्हणजे हाच घाट ते नित्य उतरत आणि चढत. कार्ल्यावर त्यांनी लिहिले, आणि पश्चिम दख्खनच्या जुन्या वाटा पायी धुंडाळल्या. ग्रंथांइतकेच पायांवर विसंबून इतिहास लिहिता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. खाद्यफेरीला विद्येचा काही दर्जा मिळायचा असेल, तर तो या परंपरेशी नाते जोडूनच मिळेल.

मग अशा फेरीत दुकानांपलीकडे पाहावे लागेल. वैशाख-ज्येष्ठात घाटमाथ्यावर पानांच्या द्रोणांतून करवंदे आणि जांभळे विकणाऱ्या ठाकर आणि कातकरी स्त्रिया या बाजारातल्या सर्वांत जुन्या विक्रेत्या म्हणाव्या लागतील. रानातून पहाटे वेचलेला त्यांचा माल खरोखरच या मातीतला आहे. पण ना त्यांच्या द्रोणावर नाव, ना साल. तसेच मावळचा भात. शेजारच्या मुळशी खोऱ्यातली आंबेमोहराची शेते टाटांच्या धरणाखाली गेली. ती वाचवण्यासाठी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो अपयशी ठरला. पुढे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आंबेमोहराच्याच वंशातले ‘इंद्रायणी’ हे वाण आले आणि मावळच्या पानात सुवास परतला. ही गोष्ट चिक्कीच्या पुड्यावर लिहिलेली नसते.

तेस्ताच्चोत मजुरांचा ‘पाचवा भाग’ थाळीतच असल्याने तो विसरता आला नाही. आपल्याकडे तो थाळीबाहेर राहिला आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन लोणावळ्याच्या बाजारात जरूर जावे, चिक्कीही घ्यावी. मात्र प्रत्येक घासाला दोन प्रश्न विचारावेत : हे पीक कोठून आले, आणि हे प्रथम कोणाच्या भुकेसाठी झाले? पहिल्याचे उत्तर बाजारात चौकशी केल्यास मिळते. दुसऱ्यासाठी स्थानकाच्या पुलावर उभे राहून घाटाच्या दिशेने जाणारे रूळ पाहावे लागतील.