उतरलेली वस्त्रे

तंजावरासारख्या गावी पाचसात वर्षे काढलेल्या मराठी अधिकाऱ्याची बदली एकाएकी दिल्लीस किंवा सिमल्यास झाली, की संसारात पहिली उणीव निघते ती लोकरी कपड्यांची. कावेरीकाठी पौष आणि माघ हे महिनेसुद्धा सुती सदऱ्यावर निभावतात. तिकडे मात्र नवराबायको आणि दोन मुले यांना नखशिखांत लोकरीत गुंडाळायचे म्हटले, तर बदलीचा भत्ता केव्हाच संपून जातो. अशा वेळी कोणी अनुभवी स्नेही हळूच सांगतो, की अमुक बाजारात वापरलेले पण उत्तम कोट पडत्या भावात मिळतात. सल्ला चोख असतो. गृहस्थ मान डोलावतो आणि जात नाही. गेलाच तर दिवेलागणीनंतर जातो, आणि ओळखीचे कोणी भेटले तर 'गड्यासाठी बघतो आहे' असे सांगून मोकळा होतो.

हा प्रकार आमच्या मंडळींत आम्ही इतक्यांदा पाहिला आहे, की या संकोचाचे मूळ एकदा तपासावे असे मनात आले. तपासाला तंजावर हेच गाव सोयीचे. राजदरबार, देऊळ, दर्गा आणि बौद्ध विहार या सर्वांचा इतिहास या एका मुलखात आहे, आणि वस्त्राविषयी त्यांतील प्रत्येकाचे काही सांगणे आहे.

आरंभ शास्त्रापासून करू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे जे नियम आहेत, त्यांत दुसऱ्याने वापरलेली पादत्राणे आणि वस्त्रे वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. संकोचाला आधार मिळाला असे वाटते. परंतु त्याच श्लोकाची दुसरी ओळ वाचकांनी पाहावी. तेथे जानवे, फुलांची माळ आणि कमंडलू यांच्या जोडीला अलंकारही घातले आहेत. आता, आजेसासूची नथ किंवा पाटल्या नाकारणारी सून आम्ही अजून पाहिलेली नाही. उलट 'ह्या पाटल्या चार पिढ्यांच्या' हे सांगताना आवाज चढतो. म्हणजे एकाच श्लोकातला अर्धा नियम आपण कधीच सोडून दिला आणि अर्धा अंगाला घट्ट चिकटवून ठेवला. पोथ्यांचेही असेच. सरफोजी राजांनी १८२० नंतरच्या काशीयात्रेत जी हस्तलिखिते जमविली, ती कितीएक अनोळखी हातांच्या घामाने काळवंडलेली होती. सरस्वती महालात त्यांना मानाची जागा मिळाली. त्यांना 'जुना माल' म्हणण्याचे कोणास सुचले नाही.

शिवाय सोवळ्याचा विचार केला, तर विटाळाचा खरा रोख सुती वस्त्रावर आहे. रेशीम आणि लोकर यांना सोवळ्यात सवलत आहे. पूजेचा मुकटा घरात तिघेचौघे आळीपाळीने नेसत, आणि धाबळी तर वर्षानुवर्षे खुंटीवर लटकत असूनही सोवळीच राही. तेव्हा ज्या लोकरी कोटाला आपला अधिकारी बिचकतो, त्याला हरकत घेणे खुद्द त्याच्या आजीलाही जड गेले असते. असो.

शास्त्राकडून दरबाराकडे वळलो, की चित्र अगदी उलटे होते. मध्ययुगीन दरबारांत, विशेषतः मोगलांच्या, खिलत देण्याचा जो प्रघात होता, त्यात सर्वांत मोठा मान कोणत्या वस्त्राचा? बादशहाने स्वतःच्या अंगावर घातलेल्या वस्त्राचा. त्याला 'मलबूस-ए-खास' म्हणत. वस्त्राला धन्याच्या अंगाचा स्पर्श झालेला असणे हाच त्याचा गौरव, कारण त्या स्पर्शाबरोबर धन्याच्या अधिकाराचा अंश घेणाऱ्याकडे येतो अशी समजूत होती. आणि त्याच न्यायाने घेणारा धन्याचा माणूस होतो. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शहाजादे, जाफरखान आणि जसवंतसिंह यांना खिलती मिळाल्या आणि शिवाजीमहाराजांना वगळले, तेव्हा महाराजांचा संताप अनावर झाला. पुढे समजूत घालणाऱ्यांना त्यांनी आपण खिलत घेणारच नाही असे बजावले. मानाचे वस्त्र न मिळणे हा अपमान; पण ते अंगावर घेणे म्हणजे चाकरी पत्करणे, हेही त्यांना पुरते ठाऊक होते. सातारच्या छत्रपतींकडून 'पेशवाईची वस्त्रे' घेण्याची पुढची रीत याच कल्पनेतून आलेली आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापिले, तेव्हा वस्त्राची ही भाषा दक्षिणेला नवी नव्हती. विजयनगर आणि नायक यांचे दरबार ती आधीपासून जाणत होते.

देवळात तर याहून पुढची पायरी आहे. बृहदीश्वरासह ८८ देवळांची परंपरागत व्यवस्था तंजावरच्या भोसले घराण्याच्या देवस्थानाकडे आहे. तामिळ देवळांत ज्याचा मान करायचा त्याच्या डोक्याला देवाच्या अंगावरचे वस्त्र बांधतात. त्याला परिवट्टम् म्हणतात. हे परिवट्टम् आधी कोणास बांधावे यावरून गावागावांत तंटे झाले आहेत आणि ते न्यायालयांपर्यंत गेले आहेत. देवीला नेसविलेली पातळे भक्तांना विकण्याची पद्धतही त्या देवळांत आहे. कोल्हापुरास अंबाबाईच्या देवळात तीच रीत. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईस जो शालू येतो, त्याचा पुढे लिलाव होतो आणि तो घेण्यासाठी भाविक चढाओढीने बोली करतात. लिलावात घेतलेले, एकदा नेसविलेले लुगडे! बाजाराच्या भाषेत याला काय म्हणतात ते वाचकांस सांगावयास नको. ते घरी आणताना मात्र कोणी काळोख पडण्याची वाट पाहत नाही.

पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातच समुद्रकाठी नागपट्टणम् आणि नागोर आहेत. नागपट्टणम् येथे इ. स. १००६ च्या सुमारास श्रीविजयच्या राजाने बौद्ध विहार उभारला आणि राजराज चोळाने त्यास आनैमंगलम् हे गाव दिले. बौद्ध भिक्षूंच्या आचारात उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून शिवलेले चीवर हे सर्वांत श्रेष्ठ मानलेले आहे. त्याचे नाव पांसुकूल. नागोरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच, १३१ फुटांचा मनोरा तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधविला. ज्या सूफी परंपरेचा तो दर्गा, तिच्यात गुरूची जीर्ण, ठिगळांची कफनी शिष्याला मिळणे म्हणजे गुरूची गादी मिळणे. गीतेने तर देहालाच जुने वस्त्र म्हटले आहे. एकूण ह्या मुलखातल्या कोणत्याही थोर परंपरेने वापरलेल्या वस्त्राला हीन लेखलेले नाही.

मग लाज आली कोठून?

आमच्या मते ती वरून आलेल्या वस्त्राची नाही, खाली टाकलेल्या वस्त्राची आहे. आणि येथे आपल्या समाजाचा एक कटू इतिहास उघडावा लागतो. ज्या मनुस्मृतीने स्नातकाला दुसऱ्याचे वस्त्र वर्ज्य केले, तिनेच दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले, आणि चांडाळाच्या अंगावर प्रेताची वस्त्रे असावीत असेही. हे केवळ पोथीत राहिले नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात महारांच्या हक्कांपैकी एक हक्क मढ्यावरच्या कापडाचा होता. त्याला 'हक्क' म्हणण्यात केवढी क्रूर थट्टा होती, हे डॉ. आंबेडकरांनी ओळखले. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या भाकरी टाकून देण्यास सांगितले. डिसेंबरात त्याच महाडास स्त्रियांपुढे बोलताना लुगडे नेसण्याची जुनी धाटणी बदलण्याचा आणि जातीची खूण ठरलेले दागिने सोडण्याचा उपदेश केला. वस्त्र ही माणसाची पायरी ठरविण्याची खूण होती. ती खूण पुसणे हे त्या लढ्याचे एक अंग होते. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याचे उतरलेले कपडे मुकाट्याने घातले, त्या घरातील माणसाने जुन्या कपड्याला हात न लावण्याचा निश्चय केला, तर त्याला संकोच म्हणणे अन्यायाचे होईल. तो स्वाभिमान आहे आणि त्याच्यापुढे आम्ही नम्र आहो.

आमच्या वरच्या वर्गाचा संकोच याच नाण्याची दुसरी बाजू आहे, पण ती तितकी उजळ नाही. 'गड्यासाठी बघतो आहे' हे शब्द वाचकांनी पुन्हा आठवावेत. जुना कपडा हा गड्याचा, ही दहाव्या अध्यायाची शिकवण त्या थापेत जशीच्या तशी बोलते. थंडीची त्या गृहस्थाला पर्वा असते ती दुय्यम. आपण गडी दिसू ही खरी धास्ती असते.

दान आणि खरेदी यांतला भेद गांधीजींनी चांगला उलगडला. १९२१ साली परदेशी कापडाच्या होळीवर रवींद्रनाथांनी आक्षेप घेतला होता. उत्तर देताना गांधीजींनी म्हटले, की उघड्या माणसाला आपले टाकाऊ कपडे देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला काम द्यावे. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुरेस त्यांनी स्वतः पंचा स्वीकारला. म्हणजे दोष कापडाच्या जुनेपणात नसून, देणारा वर आणि घेणारा खाली या मांडणीत आहे. ती मांडणी मोडण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे मोल मोजणे. रोख पैसे देऊन घेतलेल्या कोटाबरोबर कोणाचा प्रसाद येत नाही, कोणाची चाकरी येत नाही आणि उपकारही येत नाहीत.

तथापि विकणाऱ्याच्या बाजूचाही एक सल आहे, आणि तंजावरास तो टाळता येत नाही. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले. पुढच्या ऑक्टोबरात कंपनीच्या अधिकाऱ्याने फौजेच्या बळावर वाडा आणि त्यातील चीजवस्त ताब्यात घेतली. दौलतीची कोणती आणि राण्यांची खासगी कोणती, हा भेद राखला नाही. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या वरिष्ठ न्यायालयात दावा लावून तो जिंकला. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला: हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात पडता येत नाही. अखेर १८६२ साली सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. नागपूरकर भोसल्यांच्या नशिबी तेवढेही नव्हते. १८५४ साली राज्य खालसा झाल्यावर त्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात गेले. घरातली वस्तू बाजारात दिसली म्हणजे घर बुडाले, हे समीकरण मराठी मनात अशा प्रसंगांनी पक्के केले असावे असे आम्हांस वाटते. जुना कोट हाती घेताना 'हा कोणाच्या मयताचा तर नसेल?' ही शंका चाटून जाते, ती निव्वळ भित्रेपणाची नव्हे. पण कोट न घेतल्याने ते घर सावरत नाही, हेही खरे.

आणि सरकारी नोकराने तर या बाबतीत फार सोवळे राहूच नये. संस्थानिकांकडून मिळालेली खिलत कंपनीच्या अधिकाऱ्याला जवळ ठेवता येत नसे. ती तोषाखान्यात जमा होई, तिची किंमत ठरे, आणि तीच पुढे दुसऱ्या एखाद्या राजाला सन्मानपूर्वक अर्पण होई किंवा लिलावात निघे. इतका थाटाचा जुना बाजार दुसरा कोठे भरला असेल असे वाटत नाही. तोषाखाना आजही आहे, आणि ठरावीक रकमेपलीकडची भेट किंमत भरून स्वतःकडे ठेवण्याची सोयही आहे. विलायतेतही १५९९ साली लंडनला आलेल्या थॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की सरदार मरताना आपले भारी कपडे चाकरांना देत, चाकरांना ते घालणे शोभत नसे म्हणून ते नटांना विकत, आणि नट ते घालून रंगभूमीवर राजे होत.

आपल्याकडे हा व्यापार दारातूनच सुरू होतो. भांड्यांच्या बदल्यात जुनी लुगडी नेणारी बोहारीण मराठी गृहिणीस परिचित आहे. तामिळनाडूतही जुन्या कपड्यांवर 'एव्हरसिल्व्हर'ची भांडी देणारे फेरीवाले आहेत. तेथील घासाघीस तितकीच निकराची. खऱ्या जरीच्या जुन्या पट्टू साड्या घेणारे वेगळे: ते रेशमाकडे पाहतही नाहीत, जरीतल्या चांदीची परीक्षा करून मोल ठरवितात. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या दीड गल्लीत आणि दिल्लीत रघुबीरनगरच्या घोडा मंडीत वाघरी समाजाच्या बायका घरोघरचे कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून विकतात. अगदीच निकामी लोकर पानिपतास जाते. तेथे परदेशच्याही चिंध्या पिंजून सूत काततात आणि त्याची कांबळी विणतात. पानिपत म्हटले की ज्यांना फक्त १७६१ आठवते, त्यांनी एखादे सरकारी विश्रामगृहातले कांबळे जरा निरखून पाहावे.

आमचे जे स्नेही हा संकोच टाकून बाजारात गेले, त्यांनी शिकविलेल्या दोनचार गोष्टी येथे नोंदवितो. घोडा मंडी पहाटे भरते, तेव्हा उजाडण्याआधी जावे आणि हाती विजेरी असावी. कोट उजेडापुढे धरून कसरीची भोके पाहावी, कॉलरची आतली बाजू आणि काखेची शिवण तपासावी, अस्तर फाटले असले तर भिऊ नये, कारण ते शिंपी बदलून देतो. लोकर विरली असली तर मात्र कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा. घरी आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात टाकावा आणि खिसे उलटे करून झटकावे. एका स्नेह्यांना असे करताना खिशात दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचे तिकीट सापडले. ते त्यांनी फेकले नाही, तसेच परत खिशात ठेवले.