मधुमेहाच्या आहारातील बदाम, काजू व शेंगदाणे

बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते आणि शेंगदाणे या तेलयुक्त बियांचा मधुमेही व्यक्तीने भात, पोळी, बिस्किटे, फरसाण अशा पिष्टमय पदार्थांच्या जागी केलेला मर्यादित वापर. तो मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आणि मधुमेहपूर्व अवस्थेत सुचवला जातो. औषधांना तो पूरक आहे, पर्याय नव्हे. वनस्पतिशास्त्राने शेंगदाणा तूर-हरभऱ्याच्या कुळात घातला असला, तरी पोषणाच्या दृष्टीने तो बदामाजवळचा आहे, म्हणून त्याचा विचार येथेच केला आहे. मनुका, खजूर, अंजीर आणि जर्दाळू दुकानात व घरच्या डब्यातही बदामांशेजारीच असतात, पण वाळवलेल्या या फळांत वजनाच्या साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश साखरच असते. ‘रोज थोडा सुकामेवा खा’ हा घरोघरी मिळणारा सल्ला मधुमेह्याच्या बाबतीत इथेच फसतो.

घटक व कार्य : १०० ग्रॅम बदामात सुमारे ५० ग्रॅम मेद, २१ ग्रॅम प्रथिने आणि २२ ग्रॅम कर्बोदके असतात. या कर्बोदकांपैकी निम्म्याहून अधिक भाग न पचणाऱ्या तंतूंचा असतो. शेंगदाण्यात मेद जवळपास तेवढाच, प्रथिने मात्र २६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बदामापेक्षाही जास्त. अक्रोडात मेद सर्वाधिक, सुमारे ६५ ग्रॅम असून त्यात ओमेगा-३ वर्गातील वनस्पतिजन्य मेदाम्लाचा मोठा वाटा असतो. काजूत कर्बोदके ३० ग्रॅमपर्यंत जातात आणि तंतू जेमतेम ३ ग्रॅम असतात, त्यामुळे या गटात साखरेच्या हिशेबाने तोच सर्वांत सैल. या बियांतील मेद बहुतांशी असंतृप्त असतो. मेद, प्रथिने व तंतू यांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि सोबत खाल्लेल्या पिष्टाची साखर रक्तात एकदम न चढता हळूहळू उतरते. पांढऱ्या पावाबरोबर बदाम खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते आणि बदामांचे प्रमाण वाढवावे तसा हा परिणामही वाढतो, असे कॅनडातील प्रयोगांत दिसले आहे.

संशोधन : या विषयातील सर्वांत बोलका प्रयोग टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांचा आहे (२०११). गोळ्या घेणाऱ्या ११७ मधुमेह्यांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला रोज सुमारे ७५ ग्रॅम मिश्र दाणे, दुसऱ्याला तेवढ्याच ऊर्जेचे गव्हाचे मफिन आणि तिसऱ्याला दोन्ही निम्मे निम्मे दिले. तीन महिन्यांनी केवळ दाणे खाणाऱ्या गटाची एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी पातळी, सुमारे ०.२ टक्क्याने उतरली आणि एलडीएल कोलेस्टेरॉलही कमी झाले. ही घट लहान आहे. महत्त्वाचे असे, की ती पिष्टाच्या जागी दाणे आल्यावर मिळाली. नेहमीच्या जेवणावर मूठभर बदामांची भर घालून तीच अपेक्षा करणे चूक ठरते.

चेन्नईतील ‘मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन’च्या २०१८ मधील अभ्यासाने याला दुजोराच दिला. तीनशे मधुमेह्यांपैकी ज्यांना बारा आठवडे रोज ३० ग्रॅम काजू दिले, त्यांचा वरचा रक्तदाब थोडा उतरला, उपकारक एचडीएल कोलेस्टेरॉल वाढले, वजन वाढले नाही, पण साखरेत लक्षणीय फरक पडला नाही. दिल्लीत अनूप मिश्रा व सीमा गुलाटी यांनी मधुमेहपूर्व अवस्थेतील साठ जणांवर अभ्यास केला (२०२३). त्यात प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा तास २० ग्रॅम बदाम खाणाऱ्या गटातील जवळजवळ एक-चतुर्थांश लोकांची साखर तीन महिन्यांत सर्वसाधारण पातळीवर आली. या प्रयोगाला कॅलिफोर्नियातील बदाम उत्पादकांच्या मंडळाचे अर्थसाहाय्य होते. टोरांटोच्या प्रयोगामागेही दाण्यांच्या व्यापाराशी निगडित संस्थांचा पैसा होता. त्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटे ठरत नाहीत, पण ‘बदामाने मधुमेह जातो’ असे मथळे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. हृदयविकाराच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे आणि मधुमेह्याला खरा धोका हृदयाचाच असल्याने दाण्यांचे मोल तिथे जास्त धरावे.

महाराष्ट्रातील वापर : बदाम-अक्रोड परवडत नाहीत म्हणून हा विषय आपला नाही, असे मानण्याचे कारण नाही. शेंगदाणा मराठी स्वयंपाकात आधीपासूनच आहे. मात्र तो बहुधा पिष्टाच्या किंवा गुळाच्या संगतीत येतो. साबुदाण्याच्या खिचडीतले दाण्याचे कूट साबुदाण्याचा दोष पुरता झाकू शकत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चिक्की व दाण्याच्या लाडवात गूळ भरपूर असतो, तर काजूकतलीत साखर. याउलट ज्वारीच्या भाकरीबरोबर दाण्याची चटणी, कोशिंबिरीत कूट, किंवा चार वाजता चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे हा बदल स्वस्त आणि सोयीचा आहे. उपासाला दाण्याची आमटी वाढवून भगर कमी घेणेही शहाणपणाचे.

प्रमाण व सावधगिरी : दिवसाला सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे वीस-पंचवीस बदाम किंवा एक छोटी मूठ शेंगदाणे, पुरे. त्यातून १७० ते २०० किलोकॅलरी मिळतात. अखंड बदामातील काही मेद पेशींत अडकून न पचताच बाहेर पडतो, त्यामुळे शरीराला लेबलवरील आकड्यापेक्षा कमी ऊर्जा मिळते, असे अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. तरी डबा समोर ठेवून टीव्ही पाहत खाल्ल्यास तीस ग्रॅमचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. खारवलेले दाणे रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावेत. तळलेले काजू व मधात घोळवलेले बदाम कोणीच घेऊ नयेत. भिजवून साल काढलेल्या बदामाला घरोघरी मान आहे, पण सालीबरोबर काही तंतू वाया जातात. खवट किंवा बुरशी लागलेले शेंगदाणे यकृताला घातक अशा अफ्लाटॉक्सिनमुळे फेकूनच द्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियम व फॉस्फरसचा हिशेब वैद्यांना विचारूनच हे पदार्थ घ्यावेत. दाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते वर्ज्य. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवणातील पिष्ट बरेच कमी केले, तर औषधाची मात्राही तपासून घ्यावी लागते. आणि साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर सुरू झाली असता बदाम किंवा दाणे देऊ नयेत. त्यांतील मेदामुळे उशीर होतो. त्या वेळी ग्लुकोज किंवा साखरेचे पाणीच द्यावे.